टीपी माझेंबेचा इतिहास वाचायचाय? मग या क्रमाने वाचा

आफ्रिकन फुटबॉलची गोडी लागली की बरेच जण सरळ ट्रॉफ्यांचा तक्ता उघडतात, कोणाच्या किती ते बघतात आणि झालं. काँगोच्या टीपी माझेंबेच्या बाबतीत तरी असं करू नका प्लीज. तक्त्यात ५ वेळा आफ्रिकेचे चॅम्पियन असं दिसेल, ते खरंच आहे, पण त्यातल्या पहिल्या दोन वेळी क्लबचं नाव माझेंबे नव्हतं, स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स लीग नव्हतं, आणि त्यानंतर देशाचं नावसुद्धा दोनदा बदललं. म्हणून आधी नावं, मग फायनल मॅच, मग माणसं, आणि बेरीज अगदी शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर गोंधळ ठरलेला.

तर पहिलं काम, कागदावर नावांची एक पट्टी काढा. सुरुवात १९३९. बेल्जियन काँगोमधलं एलिझाबेथविल नावाचं शहर, तिथल्या बेनेडिक्टिन मिशनऱ्यांनी स्काउटच्या मुलांसाठी टीम काढली, नाव सेंट जॉर्ज. पुढे ती सेंट पॉल झाली. मग मिशनऱ्यांचे नियम न पाळणारे खेळाडू टीममध्ये यायला लागले तसा मिशनऱ्यांनी हात काढून घेतला, आणि टीमने स्पॉन्सरचं नाव लावलं, एंगलबेर, ही टायरची कंपनी होती. एका लीगमध्ये एकही मॅच हरले नाहीत म्हणून पुढे ‘तू प्विसाँ’ म्हणजे सर्वशक्तिमान अशी पदवी जोडली, तेच टीपी. म्हणजे जुन्या रेकॉर्डमध्ये टीपी एंगलबेर किंवा नुसतं एंगलबेर दिसलं तर तो वेगळा क्लब समजून पुढे जाऊ नका, हीच आपली टीम.

त्याच पट्टीवर बाजूला शहर आणि देश पण लिहा. १९६० ला स्वातंत्र्य, १९६६ ला एलिझाबेथविलचं लुबुम्बाशी झालं, १९७१ ला देश झाईर झाला आणि १९९७ ला परत काँगो. योगायोग बघा, १९९७ लाच आफ्रिकेच्या चॅम्पियन क्लबांच्या कपचं नाव पण चॅम्पियन्स लीग झालं. अजून एक खड्डा सांगून ठेवतो, काँगो दोन आहेत. १९७३ ला चॅम्पियन झालेला व्हिटा क्लब किन्शासाचा, म्हणजे माझेंबेच्याच देशातला, पण १९७४ चा चॅम्पियन कारा हा ब्राझाव्हिलचा, नदीपलीकडच्या दुसऱ्या काँगोचा. यादीत नुसतं ‘काँगो’ वाचून दोघांना एकाच देशात टाकणारे मी खूप पाहिलेत.

आता फायनल मॅच. माझ्या मते खरी मजा इथे आहे, त्यामुळे घाई करू नका. १९६७ ते १९७० सलग चार वर्षं हा क्लब आफ्रिकेच्या फायनलला होता. चार! जिंकल्या दोन, हरल्या दोन, पण नुसत्या जिंकलेल्या वाचल्या तर या टीमचा दबदबा किती होता ते कळतच नाही.

वाचायची पद्धत अशी. तेव्हा फायनल दोन लेगमध्ये व्हायची, एक मॅच याच्या घरी एक त्याच्या घरी, म्हणून नुसता एकूण स्कोअर बघू नका, कुठली मॅच कुठे झाली ते आधी बघा. १९६७ ला समोर घानाचा असांते कोटोको. कुमासीत १-१, किन्शासात २-२, सगळं बरोबरीत. मग तिसरी मॅच कॅमेरूनमध्ये ठेवली गेली, कोटोको तिथे आलेच नाहीत, आणि टायटल एंगलबेरला दिलं. ही गोष्ट तक्त्यात कुठेच दिसत नाही, तिथे फक्त विजेता म्हणून एक नाव. पुढच्या वर्षी टोगोच्या एत्वाल फिलांतला घरी ५-० ने धुतलं, तिकडे जाऊन ४-१ ने हरले, एकूण ६-४, आणि अशा रीतीने कप राखणारा पहिला क्लब ठरले. १९६९ ला इजिप्तच्या इस्माइलीकडून हरले. आणि १९७० ला परत कोटोको! परत कुमासीत १-१, पण या वेळी कोटोकोने काँगोत येऊन २-१ ने हरवलं. तीन वर्षांपूर्वी जे मैदानावर ठरलंच नव्हतं ते असं मैदानावर ठरलं. या फायनलच्या दोन्ही मॅच खरं तर जानेवारी १९७१ मध्ये झाल्या, तेव्हा सीझनचं वर्ष आणि मॅचची तारीख यांची सरमिसळ करू नका, जुन्या आफ्रिकन स्पर्धांमध्ये हे नेहमीचंय.

त्यानंतर १९८० ला कप विनर्स कप, म्हणजे आपापल्या देशाचा कप जिंकणाऱ्या क्लबांची आफ्रिकन स्पर्धा, आयव्हरी कोस्टच्या आफ्रिका स्पोर्ट्सला हरवून, आणि तोपर्यंत नाव टीपी माझेंबे झालेलं होतं. मग मोठी शांतता. चॅम्पियन्सचा कप परत हातात यायला १९६८ पासून ४१ वर्षं लागली.

ही शांतता कशी तुटली ते समजायला फुटबॉल थोडा बाजूला ठेवून लुबुम्बाशीकडे बघावं लागतं. हे तांब्याच्या खाणींचं शहर, राजधानी किन्शासापासून खूप लांब आणि झांबियाची बॉर्डर जवळ. १९९७ ला क्लबचे प्रेसिडेंट झाले मोईझ कातुंबी, बिझनेसमन माणूस, पुढे २००७ ते २०१५ कटांगा प्रांताचे गव्हर्नर, आणि २०२३ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या नंबरवर. त्यांनी पैसा ओतला, चांगले खेळाडू टिकवले, बाहेरचे आणले, कामालोंडो भागात क्लबचं स्वतःचं स्टेडियम उभं केलं. या काळाबद्दल वाचताना दोन्ही बाजू वाचा असं मनापासून सांगतो, क्लब आणि राजकारण इथे इतकं गुंतलंय की एकाशिवाय दुसरं कळत नाही, पण म्हणून मैदानावरच्या पोरांचं श्रेय कमी होत नाही.

२००९ च्या फायनलला नायजेरियाच्या हार्टलँडकडे २-१ ने हरले, घरी १-० ने जिंकले, एकूण २-२ आणि अवे गोलवर कप माझेंबेचा. इथे अवे गोलचा नियम माहीत नसेल तर आकडे चुकीचे वाटतील, म्हणून सांगतो, बरोबरी झाली की दुसऱ्याच्या घरी केलेले गोल जास्त कोणाचे ते बघायचे. २०१० ला तर नियमाची गरजच पडली नाही, ट्युनिशियाच्या एस्पेरान्सला लुबुम्बाशीत ५-० मारले, ट्युनिसला १-१.

आणि मग डिसेंबर २०१०, अबू धाबी, क्लब वर्ल्ड कप, म्हणजे वेगवेगळ्या खंडांच्या चॅम्पियन क्लबांची स्पर्धा. एकच चॅप्टर वाचणार असाल तर हाच वाचा. टीमचा सगळ्यात मोठा स्टार ट्रेझोर म्पुतू रेफ्रीवर धावून गेल्याच्या प्रकरणात फिफाच्या बंदीमुळे बाहेर, कोच सेनेगलचे लामिन एनदियाये. पहिली मॅच मेक्सिकोच्या पाचुकाबरोबर, बेदीचा एक गोल, १-०. सेमीफायनलला ब्राझीलचा इंटरनॅसिओनाल, दक्षिण अमेरिकेचा चॅम्पियन, त्याला २-०, गोल काबांगू आणि कालुयितुकाचे. तोपर्यंत या स्पर्धेच्या फायनलला युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून कुणी पोचलंच नव्हतं, माझेंबे पहिले. गोलकीपर रॉबर्ट किडियाबा गोल झाला की बसल्या बसल्या गवतावर टुणटुण उड्या मारत पुढे जायचा, ते व्हिडिओ नक्की शोधा, पण तेवढंच बघून थांबू नका, इंटरनॅसिओनालविरुद्ध त्याने अडवलेले बॉल पण बघा, नाहीतर एवढा भारी कीपर नुसता नाचणारा म्हणून लक्षात राहील आणि ते फार चुकीचंय. फायनलला इंटर मिलानकडून ३-० ने हरले, पांडेव्ह, एटो आणि बियाबियानीचे गोल. हरले तरी स्पर्धेचा सिल्व्हर बॉल, म्हणजे दुसऱ्या नंबरच्या खेळाडूचं बक्षीस, कालुयितुकाला मिळाला, एटोच्या खालोखाल.

चांगलं वाचून झालं की लगेच २०११ वाचा, ते गाळू नका. त्या वर्षी हॅटट्रिकची संधी होती आणि नियमात न बसणारा खेळाडू, जानव्हिए बेसाला बोकुंगू, खेळवला म्हणून आफ्रिकन फेडरेशनने माझेंबेला स्पर्धेतून काढलं. तक्रार टांझानियाच्या सिंबाची होती, ज्यांना माझेंबेने आधी बाहेर काढलं होतं. मग रिकाम्या जागेसाठी सिंबा आणि मोरोक्कोच्या विदादची मॅच लावली, विदाद जिंकले आणि थेट फायनलपर्यंत गेले. फॅन लोक हा भाग पटकन उलटतात, पण एका कागदाने अख्खा सीझन कसा फिरतो ते इथेच दिसतं.

पुढचा काळ वाचताना खेळाडू कुठून आले ते बघत चला. झांबियाचा रेनफोर्ड कालाबा, झांबियाचाच स्टोपिला सुंझू, ज्याने २०१२ च्या आफ्रिका कप (देशांच्या टीमचा) फायनलला आयव्हरी कोस्टविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली तेव्हा तो माझेंबेचाच खेळाडू होता. टांझानियाचा म्ब्वाना सामाटा, २०१५ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये ७ गोल. तेव्हा कोच फ्रान्सचे पात्रिस कार्तेरों, फायनलला अल्जेरियाच्या यूएसएम अल्जेला तिकडे २-१ आणि घरी २-० ने हरवलं, हे पाचवं टायटल. सामाटा त्यानंतर बेल्जियमला गेंकला गेला आणि २०२० मध्ये प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला टांझानियन झाला. २०१६ आणि २०१७ ला सलग कॉन्फेडरेशन कप (चॅम्पियन्स लीगच्या खालची क्लब स्पर्धा) पण आहेत, त्यातला दुसरा जिंकताना कोच होते पाम्फिल मिहायो, जे आधी याच टीममधून खेळले होते.

आता तक्ता उघडा. चॅम्पियन्स कप ५ (१९६७, १९६८, २००९, २०१०, २०१५), कॉन्फेडरेशन कप २, कप विनर्स कप १, सुपर कप, म्हणजे आधीच्या सीझनच्या दोन आफ्रिकन विजेत्यांमधली एक मॅच, ३ (२०१०, २०११, २०१६), एकूण ११ आफ्रिकन ट्रॉफ्या. कुठे वेगळा आकडा दिसला तर बहुतेक सुपर कप मोजलेले नसतात किंवा देशातले कप मिसळलेले असतात, तेवढं तपासा. आणि ही फक्त पुरुषांची टीम झाली, माझेंबेच्या महिला टीमने २०२४ ला महिलांची आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली, मोरोक्कोत, फायनलला मोरोक्कोच्याच एएस फारला १-० ने हरवून, ते त्याच कागदावर वेगळ्या ओळीत लिहा.

एवढं झालं की दुसरा क्लब म्हणून असांते कोटोको घ्या, म्हणजे १९६७ आणि १९७० च्या त्याच दोन फायनली समोरच्या बाजूने वाचता येतील. शिवाय कोटोकोचं दुसरं टायटल १९८३ चं, कैरोत ०-० आणि कुमासीत १-० करून अल अहलीला हरवलेलं, तिथून अल अहलीचा धागा आपोआप हाताला लागतो, आणि तो क्लब मात्र सावकाश घ्या, १९०७ पासूनचा आहे, एका बैठकीत उरकणारा नाही.