सोसायटीचा कार्बन हिशेब कसा काढायचा?

ठाण्यातल्या सोसायटीने सुरुवात कॉमन मीटरपासून करावी: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. महावितरणची बारा महिन्यांची बिलं काढा. एकट्या दिवाळीच्या बिलावर गेलात तर रोषणाई आकडा फुगवते. एकूण युनिट गुणिले 0.7, म्हणजे तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड. आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे 2.7 किलो. भरलेलं नव्हे, जळलेलं डिझेल धरा.

सोलर बसवायचं तर पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. त्याआधी डिसेंबरात दुपारी तीनला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली बघा. ती एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगची, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या सगळ्या पॅनेलांची, वीज घसरू शकते, आणि व्हेंडर हे सहसा आपणहून सांगत नाही.