जुनी फोर-बाय-फोर आडवाटेच्या मुक्कामांसाठी सज्ज करताना

जुनी जिप्सी, महिंद्राची मेजर, फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देता येणारी) बोलेरो किंवा पहिल्या पिढीतील थार हाती आली, की बहुतेकांचा पहिला खर्च छतावरचे कॅरिअर, एलईडी दिवे आणि रुंद टायर यांवर होतो. क्रम नेमका उलटा असावा. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाताना किंवा आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या रस्त्यावर गाडी अडून पडते, ती दिवे कमी पडले म्हणून क्वचितच. दहा वर्षांत न बदललेला होज पाइप फुटला, बेअरिंग जाम झाले किंवा पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटला, हीच कारणे नेहमीची असतात. म्हणून गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, त्या स्थितीला आधी आणावी आणि त्यानंतरच तिच्यात भर घालावी.

सुरुवात चेसिसपासून करावी. विदर्भाची हवा कोरडी असल्यामुळे पत्रा वरून चांगला दिसतो, पण चेसिसच्या पोकळ भागात आणि मडगार्डच्या आत साचलेली काळी माती महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते व गंज तेथूनच धरतो. लहान हातोडीने पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि स्टीअरिंग बॉक्स बसवलेल्या जागी हलके ठोकून पाहावे. शाबूत लोखंड खणखणीत वाजते, खाल्लेले लोखंड बद्द आवाज देते आणि पापुद्रे सोडते. असा भाग नुसता रंगवून घेऊ नये. कापून, नवी पट्टी घालून वेल्डिंग करून घ्यावे.

यानंतरचा खर्च इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेवर करावा, कारण मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो आणि लो गिअरमध्ये हळूहळू चालणाऱ्या गाडीला समोरून वारा जवळजवळ मिळतच नाही. आपल्याकडे रेडिएटरचा खास शत्रू म्हणजे कापूस. वेचणीच्या दिवसांत रस्त्यावर उडणारा कापूस, गवताचे कुसळ आणि धूळ यांचा एक नमद्यासारखा थर जाळीच्या आत बसतो, आणि एसी असेल तर तो कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत, वरून अजिबात न दिसणाऱ्या जागी बसतो. रेडिएटर मोकळा करून उन्हासमोर धरला आणि पत्त्यांमधून उजेड आरपार आला नाही, तर तो इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, पाण्याच्या बेताच्या दाबाने धुवावा. सर्व्हिस स्टेशनची जोराची धार मारल्यास पत्त्या दुमडतात आणि होती तेवढी वाटही बंद होते. सगळे होज, क्लिपा, फॅन बेल्ट आणि रेडिएटरचे झाकण एकाच वेळी नवे घ्यावेत. झाकणाची स्प्रिंग पाण्यावर दाब राखते व त्या दाबामुळे पाणी उशिरा उकळते, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांचे वाटणारे हे झाकण ढिले असेल तर बाकीची सारी व्यवस्था नीट असूनही गाडी तापते. कूलंट व शुद्ध पाणी यांचे मिश्रण डब्यावर दिलेल्या प्रमाणातच भरावे. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत चुन्याचा थर धरतो.

गाडी तापली की थर्मोस्टॅट वॉल्व्ह (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला गावोगावी मिळतो. तो मानू नये. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद होते, तेथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहते आणि उन्हाळ्यात इंजिन उलट अधिक तापते. हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या पहाटे मात्र ते गरमच होत नाही व इंधन जास्त पिते.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियल (वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे अॅक्सलमधले गिअर) यांचे तेल जुनी गाडी घेतल्याबरोबर बदलावे, मग विकणाऱ्याने काहीही सांगितलेले असो. गिअरबॉक्ससाठी गाडीच्या पुस्तिकेत गिअर तेलाचा जीएल-4 दर्जा सांगितला असेल तर डिफरन्शियलचे जीएल-5 त्यात ओतू नये, कारण त्यातील काही रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. काढलेले तेल बोटांवर घेऊन उजेडात पाहावे. चुंबकी बोल्टवर बारीक करडी भुकटी असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला टोचणारे कण सापडले तर गिअर किंवा बेअरिंग तुटत आहे असे समजावे. आणि तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. हे पाणी बहुधा ब्रीदरमधून (आतली तापलेली हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोंडातून) किंवा सीलमधून शिरते. लांबच्या प्रवासात तापलेला अॅक्सल एकदम नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी ओढून घेते. ब्रीदरच्या तोंडाला तेलाला टिकणारी रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधली, की हा प्रश्न बराचसा मिटतो. माझ्या मते जुन्या गाडीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा हीच आहे.

फोर-व्हील-ड्राइव्हचा दांडा महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर टाकून गाडी थोडी चालवावी. वर्षभर न वापरलेले हब आणि लिंकेज नेमके गरजेच्या वेळी अडून बसतात. पार्ट-टाइम व्यवस्थेच्या, म्हणजे दांडा टाकल्यावरच पुढची-मागची चाके एकत्र जोडली जाणाऱ्या गाड्यांत तो कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टाकू नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांचे अंतर वेगवेगळे पडते, टायरला घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्ट व क्रॉस (शाफ्टचे सांधे) यांवर येतो. दांडा अडकलाच तर हिसका देऊ नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतल्यावर तो सहसा सुटतो.

ब्रेकबाबत थोडक्यात सांगायचे तर लायनर, व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या तपासाव्यात व ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावलेले तेल लवकर उकळते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल अचानक मऊ लागण्यामागे अनेकदा हे कारण असते. घाट ज्या गिअरमध्ये चढला जातो, त्याच गिअरमध्ये उतरावा.

टायर निवडताना जाहिरातीतील दगडधोंड्यांपेक्षा आपल्या पांदण रस्त्यांचा विचार करावा. पऱ्हाटी व तुरीची तिरकी कापलेली धसकटे टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात आणि तेथे पडलेले भोक धड बुजत नाही. म्हणून नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीची मजबुती महत्त्वाची, आणि मूळ मापापेक्षा फार मोठा टायर घेण्याचे काहीच कारण नाही. टायरवरील चार आकडी खूण वाचावी: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी उन्हाने तडकलेला टायर मुक्कामाच्या प्रवासाला नेऊ नये. बाभळीचा काटा ट्यूबच्या टायरमध्ये शिरला तर त्याचे टोक आत मोडून राहते आणि नुसते पंक्चर काढून चाक बसवले की थोड्याच अंतरावर पुन्हा हवा जाते. यासाठी टायरच्या आतून कापसाचा बोळा सर्व बाजूंनी फिरवावा. जेथे कापूस अडकून तंतू सुटतात तेथे काट्याचे टोक असते, ते पकडीने ओढून काढावे.

नदीपात्रातील वाळूत जिप्सीसारख्या हलक्या गाडीची हवा 16 ते 18 पीएसआयपर्यंत कमी केल्याने मोठा फरक पडतो, मात्र ट्यूबच्या टायरमध्ये एवढी हवा कमी केल्यावर ट्यूब रिमवर सरकून तिचा वॉल्व्ह उपटला जाऊ शकतो. तेथे वेग अगदी कमी ठेवावा आणि पक्का रस्ता लागताच बॅटरीवरच्या पंपाने हवा भरून घ्यावी.

काळ्या मातीसमोर मात्र टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे बंपरवरचे यंत्र) आणि अनुभव यांपैकी कशाचेही फार चालत नाही. पावसानंतर ही माती चाकाला चिकटत चिकटत मडगार्ड भरून टाकते आणि चाक फिरायचेच थांबते. शेतकरी पेरणीसाठी वापसा येण्याची वाट पाहतो, तशीच चालकानेही पाहावी. एक दिवस कडक ऊन पडले तर कालची अशक्य पांदण आज सहज पार होते. विंच, तिचे मजबूत बंपर आणि तिला लागणारी मोठी बॅटरी यांचे वजन पुढच्या पाट्यांवर कायमचे बसते, तर आपल्याकडे ओढून काढायला ट्रॅक्टर बहुतेक गावांत मिळतो. त्यापेक्षा चेसिसला पक्के जोडलेले पुढचे-मागचे हूक, चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), फावडे आणि मऊ जमिनीत जॅकखाली ठेवायला जाड सागवानी फळी बाळगावी. पट्टा बंपरला किंवा अॅक्सलला कधीही बांधू नये, आणि ओढताना आजूबाजूच्या बघ्यांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे करावे. वाहत्या पाण्यात तर उतरूच नये. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेथे थांबण्याला पर्याय नसतो.

वजनाचा हिशेब मुक्कामाच्या सामानातही ठेवावा. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, आणि ते छतावर नव्हे तर दोन अॅक्सलच्या मध्ये, खाली ठेवावे. छतावरच्या तंबूचे वजन पन्नास किलोच्या पुढे सहज जाते. कापडी टपाच्या गाडीला तो झेपत नाही आणि पत्र्याच्या टपावरही तो वळणावर गाडी कलती करतो. मागची सीट काढता येत असेल तर प्लायवूडचा साधा ओटा करून आतच झोपणे सोयीचे पडते, विंचू-सापाची काळजीही मिटते. आत शेगडी मात्र कधीही पेटवू नये.

फ्रिज व दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसवल्यास ती आयसोलेटरमार्फत (दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणाऱ्या स्विचमार्फत) जोडावी, म्हणजे रात्रीच्या वापराने स्टार्टरची बॅटरी उतरत नाही. प्रत्येक तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. स्थिर अवस्थेत 12.7 व्होल्ट म्हणजे लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी. त्याखाली तिला वारंवार नेऊ नये. लिथियम बॅटरी बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नये. हेडलाइट मंद वाटत असतील तर नवे दिवे घेण्यापूर्वी रिले (दिव्यांना थेट बॅटरीचा प्रवाह देणारा स्विच) बसवून पाहावा, कारण जुन्या गाड्यांत सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या झिजलेल्या स्विचमधून जातो.

पेट्रोल गाडीच्या मालकांनी इंधनाच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याने जुने रबर फुगते व चिरते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल पाणीही शोषते.

कायद्याचीही मर्यादा ओळखावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि पुढच्या लोखंडी बुलबारवर (बंपरसमोरच्या कठड्यावर) केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये बंदी आणली आहे. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. त्या तपासणीत असे बदल आडवे येतात. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात हवे तेथे तंबू ठोकता येत नाही. वन विभागाचे विश्रामगृह किंवा गावातल्या कोणाची परवानगी घेऊन त्यांचे शेत, हेच रात्रीचे ठिकाण ठरवावे. मोहफुलांच्या दिवसांत वाळलेल्या गवतावर किंवा सागाच्या पाचोळ्यावर तापलेली गाडी उभी करू नये, सायलेन्सरने वणवा लागू शकतो.

परतल्यावर गाडी वरून चमकवण्याआधी खालून धुवावी. ब्रेक ड्रम, पाटे आणि चेसिसच्या पोकळ्यांमधला चिखल वाळण्यापूर्वी काढावा आणि क्रॉसना नवे ग्रीस इतके भरावे की जुने बाहेर येईल. नाला ओलांडला असेल तर त्याच आठवड्यात दोन्ही डिफरन्शियलचे बोल्ट सैल करून तेलाचा रंग पाहावा आणि ते दुधाळ निघाले तर गाडी तशीच उभी न करता लगेच बदलावे.