फॅन कंट्रोलर घेताय? आधी या चुका टाळा

"दादा, कुठला फॅन कंट्रोलर घेऊ?" असा मेसेज आला (कॉम्प्युटरच्या पंख्यांचा वेग ठरवणारा डबा, तो फॅन कंट्रोलर) की मी उलट विचारतो, "पंखे किती पिनांचे आहेत?" मग बराच वेळ शांतता. शेवटी उत्तर येतं, "आरजीबी आहेत." म्हणजे रंगीत दिव्यांचे.

इथूनच सगळं बिघडतं. आधी कंट्रोलर घ्यायचा, मग पंखे जोडायचे, मग आवाज का कमी होत नाही म्हणून डोकं धरून बसायचं, हा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की आता लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, तुमच्याकडे एक कंट्रोलर आधीच आहे. मदरबोर्ड. साध्या बोर्डावरही दोन-तीन फॅन हेडर, म्हणजे पंख्याचा प्लग लावायच्या जागा, असतात, आणि प्रत्येकाचा वेग तापमानानुसार किती ठेवायचा ते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर, ठरवता येतं. ते पान एकदाही न उघडता वेगळा डबा विकत घेणारे कमी नाहीत. हेडरपेक्षा पंखे जास्त असतील, किंवा बोर्डाला न दिसणाऱ्या एखाद्या तापमानावर पंखे चालवायचे असतील, तरच पुढचं वाचा.

तीन पिना की चार?

माझं खरं दुखणं हे आहे. तीन पिनांच्या पंख्याला एक ग्राउंड, एक १२ व्होल्टची आणि एक वेग कळवणारी वायर असते. त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावं लागतं, दुसरा मार्ग नाही. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळत राहतात आणि चौथ्या वायरवरून पीडब्ल्यूएम सिग्नल येतो. सेकंदाला साधारण २५,००० वेळा चालू-बंद होणारा हा सिग्नल पंख्यातल्या सर्किटला किती जोर लावायचा ते सांगतो.

आता बाजारात मिळणारे बहुतेक साधे हब, म्हणजे अनेक पंखे एकत्र जोडायचे डबे, काय करतात? एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) सॅटा वायरमधून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरमधून, १२ व्होल्ट घेतात आणि जसेच्या तसे सगळ्या पंख्यांना देतात. मदरबोर्डाकडून फक्त पीडब्ल्यूएम सिग्नल पुढे पाठवतात. अशा हबला तीन पिनांचा पंखा लावला की तो अगदी छान बसतो, कारण प्लगची खाच तशीच केलेली असते. चौथी पिन मात्र उघडी राहते. पंख्याला १२ व्होल्ट मिळतात, सिग्नल पोहोचत नाही, आणि तो जन्मभर फुल स्पीडने फिरतो.

माझ्या मित्राच्या धाकट्या भावाने सहा पंख्यांचं कॅबिनेट घेतलं आणि आवाज नको म्हणून सोबत हब. मशीन चालू केली की खोलीत मिक्सर लावल्यासारखं वाटायचं. "हब खराब आहे" म्हणून त्याने तो बदलून आणला. दुसराही खराब. मग मला बोलावलं. मीही शहाणा, तासभर बायोसमध्येच बसलो. कर्व्ह, म्हणजे तापमानानुसार वेग ठरवणारी रेषा, खाली ओढला, वेग तसाच. मोड पीडब्ल्यूएमवरून डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करण्यावर, नेला, तरी तसाच. तसाच राहणार, कारण पंख्यांना वीज हेडरवरून मिळतच नव्हती, ती सॅटामधून येत होती. स्क्रीनवर आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा ११८० च्या आसपास चिकटून बसलेला. शेवटी वैतागून मागची पट्टी काढली, एक प्लग उपसला आणि मोबाईलच्या उजेडात धरला. तीन भोकं. दुसरा काढला, त्यालाही तीन. सहाही तसेच.

हब बाजूला ठेवला. बोर्डावर तीन हेडर मोकळे होते. वाय आकाराच्या वायरी लावून दोन-दोन पंखे एकेका हेडरला दिले आणि बायोसमध्ये मोड डीसी केला. रीस्टार्ट झाल्यावर पोरगा विचारतो, "दादा, बंद पडली का मशीन?" बंद नव्हती पडली, ऐकू येत नव्हती.

उलट बाजूचं थोडक्यात. चार पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करणाऱ्या नॉबवाल्या कंट्रोलरला लावला तर बहुतेकदा चालतो, पण कमी व्होल्टेजवर आतलं सर्किट गडबडतं, पंखा टिकटिक करतो किंवा मधेच थांबतो. चार पिनांना पीडब्ल्यूएम, तीन पिनांना डीसी. मिसळ करायची तर प्रत्येक पोर्टवर दोन्ही मोड देणारा कंट्रोलर घ्या, आणि ते खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

अँपिअर कुणी वाचतच नाही

पंख्याच्या मधोमध स्टिकर असतो. त्यावर १२ व्होल्टच्या शेजारी ०.१८, ०.२५ असा आकडा असतो, तो अँपिअर. मदरबोर्डाचा साधा हेडर बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट देतो. पंपासाठीचे हेडर जास्त देतात, पण किती ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने ठरवू नका. वायला वाय जोडत एका हेडरवर सात-आठ पंखे टांगणाऱ्यांना मी काही सांगत नाही, हेडर गेला की कळतं. सुरू होताना पंखा नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतो, म्हणून माझी बेरीज मर्यादेच्या पाऊण भागावर थांबते. हा काही नियम नाही, माझी सवय आहे.

हबचंही तेच. सॅटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॉट. हबवर दहा पोर्ट आहेत म्हणून दहा दणकट पंखे लावता येतात असं नाही. आणि मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा वीजप्लग) सॅटा करणारी ती एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेली वायर दिसली की मी कात्रीने कापून टाकतो. आतल्या तारा एकमेकींना टेकून वितळतात, कधी पेटतातही.

नॉबवाल्या कंट्रोलरला प्रत्येक चॅनेलची वॉटची मर्यादा असते. त्यातले जुन्या पद्धतीचे कंट्रोलर जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून जाळतात. पंखा ७ व्होल्टवर चालवला तर ५ व्होल्ट त्या भागावर पडतात, पंखा ०.२ अँपिअर ओढत असेल तर १ वॉट तिथेच तापतो. एका चॅनेलवर तीन पंखे म्हणजे ३ वॉट, आणि उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक बोटाच्या पेराएवढा. हात लावून बघा, पटकन मागे घ्याल.

पंप पंखा नसतो

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळे सविस्तर सांगतो. सव्वापाच इंचाच्या बेमध्ये, म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या कप्प्यात, बसणारा चार नॉबचा कंट्रोलर घेतला होता. पाण्याचं तयार कूलर होतं, म्हणजे एआयओ, आणि त्याच्या पंपाचा प्लग तीन पिनांचा. प्लग बसला, मी लावला. लावल्यावर मशीन सुरू होताना सीपीयू फॅन सापडत नाही म्हणून एरर देऊ लागली. मग मी काय करावं? बायोसमध्ये जाऊन त्या सूचनेला "इग्नोर" करून टाकलं. दोन मिनिटांचं काम, केवढा अभिमान वाटला होता.

एका रात्री काम करत होतो, शांतता हवी म्हणून चारही नॉब खाली फिरवले. सिनेमा बघेपर्यंत काही जाणवलं नाही. मग व्हिडिओ रेंडरला लावला आणि मिनिटभरात प्रोसेसर १०० अंशांजवळ, वेग आपोआप पडलेला. मला वाटलं, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट सुकली. काढली, पुसली, नवी लावली. तेच. पुन्हा काढली, या वेळी कमी लावली. तेच. तिसऱ्यांदा स्क्रू आळीपाळीने आवळत बसलो. रात्रीचे दोन वाजले तेव्हा सहज रेडिएटरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीला, हात लागला. थंडगार. आणि प्रोसेसरवरच्या ब्लॉकवर बोट ठेववत नव्हतं. पाणी फिरतच नव्हतं. पंपाचा नॉब वर नेला, नळ्यांमधून गुळगुळ आवाज आला आणि आकडा डोळ्यांदेखत पंचावन्नवर आला. तीन वेळा पेस्ट वाया घालवली ती या नॉबपायी.

तेव्हापासून पंप थेट बोर्डाच्या पंप हेडरला, वेग शंभर टक्के. आवाजाबद्दल तक्रार असेल तर रेडिएटरचे पंखे कमी करा. आणि सीपीयू फॅनची ती सूचना कधीही बंद करू नका. ती कटकट नाही, ती एकमेव वस्तू आहे जी पंखा किंवा पंप अडकल्याचं मशीन सुरू होतानाच सांगते.

अगदी हळू म्हणजे अगदी चांगलं नव्हे

पाच व्होल्टवर फिरत राहणारा पंखा पाच व्होल्टवर सुरू होईलच असं नाही. रात्री नॉब फिरवून खूश झालेली मंडळी सकाळी थांबलेले पंखे घेऊन येतात. मी सगळ्यात खालचा वेग ठरवला की मशीन बंद करतो, दहा मिनिटांनी चालू करतो आणि उघड्या कॅबिनेटसमोर बसून प्रत्येक पंखा निघतोय का ते डोळ्यांनी बघतो. कंटाळवाणं आहे. करा.

तसंही तळ गाठायची गरज नसते. वेग आणि हवा सरळ प्रमाणात, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. १२०० चे ९०० आरपीएम केले की हवा पाऊण राहते, शक्ती मात्र निम्म्याहून कमी लागते, आणि कानाला फरक लगेच कळतो. ९०० चे ४०० करण्यात तेवढं सुख नाही, उलट ग्राफिक्स कार्ड तापून स्वतःचे पंखे ओरडवायला लागतं.

दुसरा त्रास म्हणजे ब्राउझर उघडला की पंखे एकदम उसळतात, मग बसतात, मग पुन्हा उसळतात. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, त्यात पंख्यांचा दोष नाही. ६० अंशांपर्यंत कर्व्ह सपाट ठेवा आणि वेग बदलायला चार-पाच सेकंदांचा उशीर द्या. गेम खेळत असाल तर कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालवा. ते बायोसला बहुधा दिसत नाही, त्यासाठी विंडोजवर फॅनकंट्रोलसारखं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवून फॅनकंट्रोलची फाइल तयार होते. नाव तेच, प्रोग्रॅम वेगळा. एका वेळी एकच सॉफ्टवेअर ठेवा, दोघं एकाच पंख्यावर हुकूम सोडू लागले की तो कुणाचंच ऐकत नाही.

उरलेल्या चुका भराभर. ५ व्होल्टची एआरजीबी वायर १२ व्होल्टच्या आरजीबी हेडरला जबरदस्तीने बसवू नका, दिवे क्षणात जातात. एका एसएमपीएसची मॉड्युलर (सुटी निघणारी) वायर दुसऱ्याला लावू नका, एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची रचना कंपनीगणिक बदलते आणि हबसोबत हार्ड डिस्कही जाते. यूएसबीवर चालणारा कंट्रोलर घेण्याआधी बोर्डावर नऊ पिनांचा यूएसबी हेडर मोकळा आहे का बघा, पुढच्या पॅनेलने आणि एआयओने तो आधीच अडवलेला असतो. बेमध्ये बसणारा कंट्रोलर आवडला असेल तर कॅबिनेटला बे आहे का तेही बघा.

हब लावताना त्याच्या मागच्या डबल टेपवर विसंबू नका, उष्णतेने तो सुटतो आणि हब वायरींवर लोंबकळत राहतो. मी झिप टायने बांधतो, आणि वेगळ्या रंगाचा किंवा १ लिहिलेला पोर्ट दिसेल अशा बाजूने. बहुतेक हब बोर्डाला वेग कळवतात तो फक्त त्याच पोर्टवरच्या पंख्याचा. तिथे प्लग नसेल तर बायोस शून्य आरपीएम दाखवतो, आणि मग परत मला मेसेज येतो की पंखे फिरतायत पण मशीन म्हणते फिरत नाहीत.