संगीतोपचाराच्या पहिल्या वर्षात काय आणि कसे शिकावे

संगीतोपचाराच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारे बहुतेक विद्यार्थी आधीपासून गाणारे किंवा वाजवणारे असतात, आणि पहिल्या वर्षातली त्यांची मुख्य अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. आपण वाजवायचे आणि समोरच्याने ऐकायचे, ही सवय कित्येक वर्षांच्या रियाजाने अंगात मुरलेली असते. संगीतोपचारात हे नाते उलटे होते. ऐकण्याचे काम मुख्यतः तुमचे असते, आणि तुम्ही जे वाजवता ते त्या ऐकण्याला दिलेले उत्तर असते. माझ्या शिक्षणकाळातल्या पहिल्याच सत्रात मी तीन गाणी चोख बसवून नेली होती. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर समोर बसलेल्या वृद्ध बाईंनी शांतपणे हात पुढे करून गिटारच्या तारांवर ठेवला आणि माझे वादन बंद पाडले. मी ओशाळलो. माझ्या पर्यवेक्षिकेने मात्र त्या दिवसाच्या नोंदीत एवढेच लिहिले की, रुग्णेने आज प्रथमच स्वतःहून हात पुढे केला.

अभ्यासक्रमात संगीताच्या जोडीला शरीररचना, मानसशास्त्र, बालविकास आणि संशोधनपद्धती असे विषय का असतात, याचे उत्तर या शाखेच्या जन्मकथेतच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतल्या रुग्णालयांत जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांसाठी संगीतकार वाजवायला जात असत. सैनिकांवर होणारा परिणाम डॉक्टरांना दिसला. त्याचबरोबर, केवळ उत्तम वाजवता येणे या कामाला पुरत नाही, हेही लक्षात आले. त्यातून १९४४ मध्ये मिशिगनमध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये अमेरिकेत संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये चेलोवादक ज्युलिएट अल्विन यांनी १९५८ मध्ये अशीच संस्था काढली, तर पुढच्याच वर्षी पॉल नॉर्डॉफ हे संगीतरचनाकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक यांनी अपंग मुलांबरोबर उत्स्फूर्त वादनाचे काम सुरू केले. म्हणजे ही शाखा उभी राहिली तीच संगीतकारांना प्रशिक्षणाची गरज आहे या जाणिवेतून, आणि मानसशास्त्राचा तास कंटाळवाणा वाटू लागला की हे आठवणे बरे.

वॉर्डात मंद संगीत लावून ठेवणे म्हणजे संगीतोपचार नव्हे. त्याने वातावरण सुखद होते आणि त्यात वाईट काहीच नाही. परंतु उपचार म्हणायचा तर त्या व्यक्तीचे आधी मूल्यमापन झालेले असावे लागते, संगीताबाहेरचे एखादे उद्दिष्ट ठरलेले असावे लागते, त्या उद्दिष्टाकडे जाणारी योजना असावी लागते, आणि काय घडले याची नोंद ठेवली जावी लागते. संगीतोपचाराचे अभ्यासक केनेथ ब्रुसिया यांनी या कामाच्या पद्धतींची जी चार गटांत विभागणी केली आहे, ती पहिल्याच महिन्यात पाठ करून टाकावी: उत्स्फूर्त वादन, आधी असलेल्या गाण्याचे पुनर्सादरीकरण, नवे गाणे रचणे आणि ऐकणे. कोणतेही सत्र पाहताना हे चारांपैकी काय चालले आहे, असे स्वतःला विचारत राहिल्यास पाहण्याला आपोआप शिस्त येते.

वाद्यांची तयारी

एखाद्या वाद्यावर तुमचे प्रभुत्व असेल तर ते टिकवा. पण पहिल्या वर्षात खरा वेळ द्यावा तो गळा, गिटार, कीबोर्ड आणि हाताने वाजवायची तालवाद्ये यांना. या चारही ठिकाणी तुमचे बोटांकडे लक्ष न जाता समोरच्या चेहऱ्याकडे लक्ष राहील, एवढी सफाई हवी. त्याची कसोटी सोपी आहे. एखादे साधे गाणे साथीसह म्हणत असताना मित्राला समोर बसवून अधूनमधून बोटे दाखवायला सांगा, आणि गाणे संपल्यावर त्याने कधी किती बोटे दाखवली ते सांगून पाहा. जमले नाही, तर ते गाणे सत्रात नेण्याइतके अजून बसलेले नाही.

पट्टीचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गाण्याची सवय इतकी पक्की असते की, समोरची व्यक्ती गात नाही याचा अर्थ तिला गायचे नाही, असा विद्यार्थी लावून मोकळे होतात. वृद्ध स्त्रियांचा आवाज वयानुसार खाली उतरलेला असतो, तरुण विद्यार्थिनीच्या पट्टीतले गाणे त्यांना पेलतच नाही. तेच गाणे दोन-तीन स्वर खाली उतरवून, लय थोडी कमी करून घेतले तर ओठ हलू लागतात. म्हणून प्रत्येक गाणे किमान तीन पट्ट्यांत, न अडखळता वाजवता यायला हवे.

गाण्यांचा साठा करताना तुमची आवड बाजूला ठेवावी लागते. माणसाच्या आठवणीत साधारणपणे दहा ते तीस या वयातले प्रसंग आणि त्या काळातली गाणी सर्वांत घट्ट बसलेली असतात. ऐंशी वर्षांच्या व्यक्तीसाठी शोध घ्यायचा तो पन्नास ते सत्तर वर्षांपूर्वीच्या गाण्यांचा. 'जुनी गाणी' असा ढोबळ गठ्ठा करून भागत नाही. आणि कोणती गाणी नकोत, हे विचारायला विसरू नका, कारण एखाद्या गाण्याला कोणाच्या तरी मृत्यूची आठवण चिकटलेली असू शकते.

पाहणे आणि लिहिणे

पहिल्या वर्षात मिळणाऱ्या निरीक्षणाच्या तासांत विद्यार्थी संगीताविषयीच भरभरून लिहितात: ताल असा होता, गाणे सुरेख झाले, सगळ्यांना आनंद झाला. अशी नोंद पर्यवेक्षकाला काहीच सांगत नाही. 'मूल खूश दिसले' याऐवजी 'ढोल समोर ठेवल्यावर मुलाने सुमारे वीस सेकंदांनी उजव्या हाताने दोनदा थाप मारली, प्रत्येक थापेनंतर आईकडे पाहिले आणि वादन थांबल्यावर ढोल स्वतःकडे ओढला', असे लिहावे. पहिल्या वाक्यात तुमचे मत आहे, दुसऱ्यात घटना आहेत. आणि मत बदलले तरी घटना पुन्हा वाचता येतात. मला विचाराल तर पहिल्या सत्रपरीक्षेपर्यंत एवढे एकच कौशल्य हाताला लागले तरी वर्ष वाया गेले नाही असे समजावे.

उद्दिष्टे लिहितानाही हेच पथ्य आहे. 'एकाग्रता वाढावी' हे उद्दिष्ट नसून इच्छा आहे. 'आळीपाळीने ढोल वाजवण्याच्या खेळात मूल, एकदाच तोंडी सूचना मिळाल्यावर, पाचपैकी चार वेळा आपल्या पाळीपर्यंत थांबेल' असे लिहिले, तर सहा आठवड्यांनी ते साधले की नाही हे कोणीही तिऱ्हाईत तपासू शकतो. येथे ढोल चांगला वाजला का, याला महत्त्व नाही, आणि संगीत शिकलेल्या विद्यार्थ्याला हेच पचवायला जड जाते.

निरीक्षणातून हाताला लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे थांबणे. ओळखीच्या गाण्याची ओळ शेवटच्या शब्दाआधी तोडायची, श्वास घ्यायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. चारपर्यंत पोचता पोचता तुम्हाला तो शब्द स्वतःच म्हणून टाकण्याची अनावर इच्छा होईल, कारण रंगमंचावर शांतता म्हणजे चूक असते. पण ज्याच्या मेंदूला इजा झाली आहे किंवा ज्याची भाषा उशिरा विकसित होत आहे, त्याला तेवढा वेळ लागतो, आणि कित्येकदा शब्द सातव्या-आठव्या आकड्याला येतो. आधी वर्गमित्रांवर घड्याळ लावून हा सराव करा. स्वतः मोजलेले दहा सेकंद प्रत्यक्षात सहाच होते, असे बहुतेकांना आढळते.

एक तंत्र जवळून

लयीच्या आधाराने चालणे सुधारण्याचे तंत्र वर्गातच करून पाहता येते, म्हणून ते तपशिलात सांगतो. पार्किन्सनच्या आजारात पावले आखूड पडतात आणि मध्येच अडखळतात. बाहेरून नियमित ठोका मिळाला, तर चालण्याची हालचाल त्या ठोक्याला बांधली जाते. मायकल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांनी तीन आठवडे रोज अर्धा तास असा सराव केला आणि त्यांच्या चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला.

सरावासाठी मित्राला त्याच्या नेहमीच्या चालीने चालू द्या आणि एका मिनिटातली पावले मोजा. समजा ती ८४ भरली. मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र, ८४ वरच लावायचा, ९० वर नाही. आधी त्याच्या चालीला लय जुळवायची, आपल्या लयीला त्याची चाल नव्हे. पाऊल आणि ठोका काही मिनिटे एकत्र पडू लागले की ठोका पाच टक्क्यांनी, म्हणजे ८८ पर्यंत, वाढवायचा आणि पावलांची लांबी कमी होत नाही ना हे पाहायचे. त्यानंतर मेट्रोनोमच्या जागी तोच ठोका ठळकपणे राखणारी गिटारची साथ आणायची, आणि अखेरीस आवाज हळूहळू काढून घेऊन चाल टिकते का ते बघायचे. खऱ्या रुग्णाबरोबर हे काम फिजिओथेरपिस्टच्या उपस्थितीतच करायचे असते, कारण तोल जाऊन पडण्याचा धोका असतो आणि गिटार गळ्यात अडकवलेला माणूस कोणाला सावरू शकत नाही.

हेच सूत्र मनाच्या अवस्थेलाही लागू पडते. अस्वस्थ माणसाला शांत करायचे म्हणून थेट संथ सूर लावणे बहुधा फसते. त्याच्या अस्वस्थतेच्या वेगाला आणि जोराला जुळणारे वाजवून सुरुवात करायची आणि मग थोडे थोडे उतरत यायचे. मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी १९४८ मध्ये मांडलेले हे तत्त्व आजही शिकवले जाते.

दावे आणि पुरावे

तुम्ही हा विषय घेतला हे कळताच लोक तुम्हाला विचारू लागतील की रक्तदाबावर कोणते संगीत, निद्रानाशावर कोणते. अमुक आजारावर अमुक सूर असे तक्ते भरपूर फिरत असतात. त्यांना औषधाच्या चिठ्ठीसारखा आधार नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगायला शिका. मोझार्टच्या संगीताने बाळांची बुद्धी वाढते, या समजाचे मूळ १९९३ मधल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आकृत्यांच्या एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडा फायदा दिसला, आणि तो दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बाळांचा त्यात काही संबंधच नव्हता.

आपल्याच बाजूचे शोधनिबंधही याच नजरेने वाचावेत. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच महिन्यांच्या उत्स्फूर्त संगीतोपचारानंतर स्वमग्नतेच्या लक्षणांच्या तीव्रतेत, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, लक्षणीय फरक आढळला नाही. काही विद्यार्थ्यांचा यामुळे हिरमोड होतो. मला तो निबंध पहिल्या वर्षासाठी फार उपयुक्त वाटतो, कारण लक्षणांची तीव्रता मोजणे आणि त्या मुलाचे घरच्यांशी नाते, त्याचे रोजचे जगणे मोजणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नेमके काय बदलू पाहतो हा प्रश्न तो निबंध टाळू देत नाही.

मर्यादा आणि काळजी

शिकत असताना स्वतःला उपचारक म्हणवून घेऊ नका. सत्राचे चित्रण मोबाइलवर करू नका. अभ्यासासाठी लागलेच, तर लेखी संमती घेऊन संस्थेच्या साधनावर करा. नोंदवहीत नावाऐवजी खूण वापरा. संगीत निरुपद्रवी असते हा समज सोडून द्या: फार क्वचित, पण काहींना विशिष्ट संगीताने अपस्माराचा झटका येऊ शकतो, आघात सोसलेल्या माणसाला ढोलाचा अचानक आवाज स्फोटासारखा भासू शकतो, आणि श्रवणयंत्र लावलेल्या व्यक्तीजवळ झांज वाजवणे हे निव्वळ दुखापत करणे आहे. तोंडाने फुंकायची वाद्ये एकाकडून दुसऱ्याकडे देऊ नयेत. बाकीची प्रत्येक व्यक्तीनंतर पुसून घ्यावीत, म्हणून पुसता येतील अशा कृत्रिम पडद्याचे ढोल बरे.

स्वतःच्या मनाचीही व्यवस्था हवी. सत्रातून बाहेर पडल्यावर विनाकारण राग आला किंवा रडू फुटले, तर ते लपवून न ठेवता पर्यवेक्षकाशी बोलावे. पर्यवेक्षणाची वेळ त्यासाठीच असते, केवळ गुण देण्यासाठी नसते.

शेवटी एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी वेळेवर सांगितली जाते. तुमचे प्रशिक्षण ठरलेल्या तारखेला संपते, पण ज्यांच्याबरोबर तुम्ही दर आठवड्याला गात होता, त्यांना ती तारीख ठाऊक नसते. शेवटच्या सत्राच्या किमान चार आठवडे आधी त्यांना सांगा, आणि दर सत्रात किती भेटी उरल्या ते पुन्हा सांगा. लहान मुलांसाठी चार खडे एका वाटीत ठेवून दर वेळी एक काढून घेतला तरी चालते. निरोपाचे गाणे पहिल्या सत्रापासून एकच ठेवले असेल, तर त्या दिवशी वेगळे काही शोधावे लागत नाही. ते नेहमीच्याच पट्टीत, नेहमीच्याच लयीत म्हणा, आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी मोकळा सोडा.