नागपुरात घरशाळा: पद्धत नंतर, दहावी आधी

बदलीमुळे किंवा मिहान या उद्योग-प्रकल्पातल्या नोकरीमुळे नागपुरात आलेली कुटुंबं भेटतात, तेव्हा त्यातल्या काहींच्या मनात मुलांना घरीच शिकवायचं असतं. आम्हीही सांगलीकडून आलो, इथलेच झालो, आणि दोन्ही मुलं घरीच शिकली. त्यामुळे माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माँटेसरी (हाताळायच्या साहित्यातून शिकणं) बरी की अनस्कूलिंग (ठरलेला अभ्यासक्रम न ठेवता मुलाच्या ओढीनं शिकणं)? माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला दहावीचा.

परीक्षेची वाट आणि शिकवायची पद्धत या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवा. वाट एकदा नक्की झाली की पद्धत निवडायला मन मोकळं राहतं. नाहीतर सात वर्षांच्या लेकराच्या मानेवर आत्तापासून दहावी बसते, आणि मग कुठलीही पद्धत घ्या, घरात शेवटी ट्यूशन क्लासच चालतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तो 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं कलम 10 सांगतं, पण न घातल्यास शिक्षा त्यात ठेवलेली नाही. घरशाळेला वेगळी मान्यताही नाही. म्हणून कागद तुम्हालाच सांभाळायचे. मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आठवणीनं घ्या. राज्य मंडळाची दहावी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्यायची झाली तर तो लागतोच. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत, दहावीला वयाची 14 वर्षं पुरी हवीत, किमान पाच विषय आणि त्यात निदान एक भाषा. दहावी मराठीतूनही देता येते, विषय एकेक करून पुरे करता येतात. एकही वर्ष शाळेत न गेलेल्या मुलाला मी हीच वाट सुचवते.

आता पद्धत. पुस्तकातलं नाव बघून निवडू नका. दिवसभर घरी कोण असतं ते बघून निवडा. मूल सहाच्या आतलं आणि आजी-आजोबा घरी असतील तर माँटेसरीचं साहित्य छान चालतं, आणि त्यासाठी महागडे संच मागवायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं होतं. आई-बाबांपैकी एकाला सकाळचे तीन तास मोकळे मिळत असतील तर इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांची रीत घ्या: छोटे पाठ, चांगल्या पुस्तकांचं वाचन, ऐकलेलं मुलानं आपल्या शब्दांत सांगणं आणि रोज बाहेर फिरणं. अनस्कूलिंग लोकांना सोपं वाटतं, पण पालकाला सगळ्यात जास्त जागं राहावं लागतं ते तिथेच. दोघंही नोकरीला जात असाल तर त्या वाटेला जाऊ नका, हे मी स्पष्टच सांगते.

गांधीजींच्या नई तालीमबद्दल तर इथे राहून अनभिज्ञ राहू नये. 1937 च्या वर्धा परिषदेत हाताच्या कामातून शिकण्याचा तो विचार मांडला गेला, आणि सेवाग्राम इथून साधारण 75 किलोमीटरवर आहे. तिथली आनंद निकेतन शाळा बघून या. शेती, सूतकताई, स्वयंपाक यातून गणित आणि विज्ञान कसं निघतं हे वाचून कळत नाही, बघून कळतं.

वेळापत्रक मात्र नागपूरच्या उन्हाला विचारूनच करा. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अभ्यास पहाटे, फिरणं सात-आठपर्यंत, दुपार कूलरसमोर. आणि तो कूलरच धडा करा. आमच्याकडे धाकट्यानं टाकीत किती बादल्या पाणी घातलं ते रोज भिंतीवरच्या कागदावर लिहिलं, शेजारी त्या दिवशीचं तापमान. मे महिन्यात टाकी बघता बघता रिकामी व्हायची आणि खोली गार पडायची. जुलैत पाणी तितकं आटेना, आणि हवा नुसती चिकट. का, हे त्याला हवेतल्या ओलाव्यापर्यंत घेऊन गेलं. बाष्पीभवनाचा धडा पुस्तकात नंतर आला.

बाहेरचं शिकायलाही शहर श्रीमंत आहे. अजब बंगला, म्हणजे इथलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 पासूनचा आहे. रमण विज्ञान केंद्रात एका दिवसात सगळं उरकू नका, एका वेळी एकच दालन. कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मूल इंजिनाला हात लावून बघू शकतं. जुनी पुस्तकं सीताबर्डीच्या फुटपाथवर, बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट. तान्हा पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, चाकांचा लाकडी बैल विकत घेण्याआधी मुलाला सुताराकडे घेऊन जा. चाक आणि आस तिथेच कळतात.

सोबतीचा प्रश्न खरा आहे. दुपारपर्यंत गल्लीतली मुलं शाळेत असतात. संध्याकाळचं मैदान म्हणून एकही दिवस चुकवू नका, आणि तिथे मूल हिंदी बोलायला लागलं तर अडवू नका. घरात मराठी वाचन चालू ठेवलं की पुरे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. तुम्हीही तेव्हाच सुरुवात करा. शाळेतून नुकतंच काढलेलं मूल असेल तर दिवाळीपर्यंत पाठ्यपुस्तक पुढे ठेवू नका. ते स्वतःहून कशाकडे वळतं ते बघा, लिहून ठेवा, आणि पद्धत त्यानंतर ठरवा.