मुलाची नैराश्याची गोळी बदलली आणि वागणंही बदललं, तर काय करावं?

आमच्या मुलीची गोळी बदलायची ठरली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. एस्सिटॅलोप्रॅमची निम्मी गोळी दोन आठवडे आणि मग फ्लुऑक्सेटिन, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. सहाव्या दिवशी पाकीट संपलं. नाहीतरी बंदच करायची आहे, चार दिवस इकडे-तिकडे, असं म्हणून मी नवं आणलं नाही. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून चालत होती, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतंय म्हणत होती आणि दप्तराची चेन अडकली म्हणून अर्धा तास रडली. आजार उलटला, असं समजून मी फोन केला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "शेवटची गोळी कोणत्या तारखेला दिलीत?"

उत्तर त्या तारखेतच होतं. गोळी बदलताना मूड बिघडण्याची कारणं तीन-चार असतात. वरवर ती सारखीच दिसतात, पण त्यांची वेळ वेगळी असते.

आधी सगळं कागदावर लिहून घ्या

बदल सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: जुनी गोळी किती दिवसांत, कशी कमी करायची, नवी कधी सुरू करायची, मधले काही दिवस दोन्ही एकदम द्यायच्या का, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा. पाकिटावरचं कंपनीचं नाव लिहू नका, आतल्या औषधाचं नाव लिहा. मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची तीच गोळी देतो आणि घरात ती 'नवी' समजून जुनीसोबत दिली जाते. असा घोळ वाटतो त्यापेक्षा सहज होतो. जुन्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरतील का, हेही त्याच दिवशी मोजा.

जुनं औषध अंगातून किती वेगानं जातं, हे आवर्जून विचारा. एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन थांबवलं की आठवडाभरात जवळजवळ निघून जातं. फ्लुऑक्सेटिन मात्र चार-पाच आठवडे रेंगाळतं. त्यामुळे फ्लुऑक्सेटिन सोडताना त्रास सहसा कमी होतो, पण नवी गोळी सुरू केल्यावरही जुनीचा अंमल बराच काळ शिल्लक असतो.

एक वही करा

जमलं तर बदलाच्या आठवडाभर आधीपासून लिहा, म्हणजे तुलना करता येईल. रोज चार-पाच ओळी पुरतात: गोळी किती वाजता दिली, झोप किती झाली, जेवण कसं होतं, शाळेत गेलं का आणि मूड शून्य ते दहामध्ये किती. मूडचा आकडा मुलानंच सांगायचा. चाचणी परीक्षा, मैत्रिणीशी भांडण, पाळी, घरातलं आजारपण याचीही नोंद ठेवा. सगळं खापर गोळीवर फोडण्यात अर्थ नाही.

तारखा जुळवून पाहा

जुनी गोळी थांबवल्यावर किंवा एकदम कमी केल्यावर दोन ते चार दिवसांत घेरी, मळमळ, घाम, विचित्र स्वप्नं, अंगात सणक, चिडचिड आणि रडू असं सुरू झालं, तर बहुधा तो औषध सुटण्याचा त्रास असतो. अंगाची लक्षणं सोबत असणं ही त्याची मोठी खूण. बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत तो ओसरतो. जास्तच असेल तर डॉक्टर जुनी गोळी पुन्हा थोडी वाढवून सावकाश उतरवतात. आमच्याकडे तेच केलं आणि दोन दिवसांत घेरी थांबली.

दुसरी वेळ नव्या गोळीच्या पहिल्या काही आठवड्यांची, तसंच डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांची. काही मुलांना, विशेषतः लहान वयात, या दिवसांत आतून पेटल्यासारखं होतं. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, झोप उडते, एरवी गप्प असणारं मूल फटकन उलट बोलतं. घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो आणि मूल ओरडा खातं. ओरडू नका. वहीत लिहा आणि डॉक्टरांना कळवा. डोस कमी करून हे अनेकदा आटोक्यात येतं.

याच काळाबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं ऑक्टोबर २००४ मध्ये मुलांना दिल्या जाणाऱ्या सगळ्या नैराश्यविरोधी औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. ४,४०० हून अधिक मुलांवर झालेल्या २४ औषध-चाचण्या तपासल्यावर आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के आढळली होती. त्या चाचण्यांत एकाही मुलाचा आत्महत्येनं मृत्यू झाला नव्हता. हे वाचून घाबरून गोळ्या फेकून देणारे पालक असतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. उपचार न केलेलं नैराश्यही जिवावर बेततं. त्या इशाऱ्याचा अर्थ पहिले काही आठवडे मुलावर बारीक लक्ष ठेवा, असा आहे.

तिसरी शक्यता मूळ आजाराचीच. जुनीचा आधार गेलेला आणि नवीला लागू पडायला चार ते सहा आठवडे हवे असतात, त्या मधल्या काळात जुनी उदासी हळूहळू परत येते. इथे धीर लागतो, आणि बोलण्याचे उपचारही. १२ ते १८ वयाच्या ज्या ३३४ मुलांना पहिली गोळी लागू पडली नव्हती, त्यांच्यावरचा एक अमेरिकन अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नुसती गोळी बदललेल्यांपैकी बारा आठवड्यांत सुमारे ४० टक्के मुलं सुधारली. सोबत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारे उपचार, मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होतं. समुपदेशनाची वेळ क्लाससाठी बुडवू नका.

आणि एक फसवी 'सुधारणा'. मूल तीन-चार तासच झोपतं, तरी ताजंतवानं असतं, भरभर बोलतं, मोठमोठे बेत आखतं, पैसे उधळतं. घर आनंदून जातं. हे उन्मादाचं लक्षण असू शकतं, म्हणून त्याच दिवशी फोन करा.

मुलाला थेट विचारा

मरणाचा विषय काढला तर तो मुलाच्या डोक्यात भरेल, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यानं मुलाला मोकळं वाटतं. शेजारी बसून, मोबाइल बाजूला ठेवून विचारा: "तुला कधी वाटतं का गं, की आपण नसतो तर बरं?" हो म्हणाली तर रडारड करू नका, आणि "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो" हे तर मुळीच नको. "बरं झालं सांगितलंस" म्हणा, तिला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर ११२ वर फोन करा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

घरातली सगळी औषधं, आजीआजोबांचीसुद्धा, कुलपात ठेवा. रोजची गोळी मोठ्या माणसानं हातात द्यावी. उरलेल्या जुन्या गोळ्या घरात साठवू नका.

वाट न पाहता निघायची वेळ

नवी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर, बहुधा चोवीस तासांत, ताप, खूप घाम, थरथर, स्नायूंना झटके, जुलाब आणि असंबद्ध बोलणं असं एकत्र दिसलं तर ते सेरोटोनिन, म्हणजे या गोळ्या ज्यावर काम करतात ते शरीरातलं रसायन, जास्त वाढल्यानं असू शकतं. सगळी पाकिटं सोबत घेऊन रुग्णालय गाठा. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी यांनीही हे होऊ शकतं. म्हणून साध्या सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी चालू गोळीचं नाव त्या डॉक्टरांना सांगा.

घरातले आणि शाळा

"या गोळ्यांची सवय लागते, सोडा" असं म्हणणारं एक तरी माणूस घरात असतं. वाद घालत बसू नका, पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा. वर्गशिक्षिकेला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. औषध बदललं आहे, महिनाभर झोप आणि लक्ष कमी-जास्त होईल, एवढं पुरे.

पुढच्या भेटीत

अख्खी वही वाचून दाखवू नका. वर तीन ओळी लिहून न्या: काय सुरू झालं, कोणत्या तारखेला, आणि आज ते वाढतंय की कमी होतंय. नंतर मुलाला डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. माझी मुलगी पहिल्यांदा आत एकटी थांबली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर वही मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसले होते. पायातली चुळबुळ तिनं मला सांगितली नव्हती, ती तिनं आत सांगितली.