मागचे टायर का तापायचे

जुन्या मिनीबसचं फिरतं घर केलं खरं, पण कसारा घाट उतरून थांबलो की मागच्या टायरांना हात लावता येईना. गेज लावला की दाब चढलेला दिसे, म्हणून मी हवा सोडायचो. शुद्ध गाढवपणा! गरम टायरचा दाब वाढतोच. तो मोजायचा सकाळी, गाडी हलण्याआधी.

शेवटी अंबडच्या वजनकाट्यावर नुसती मागची दोन चाकं चढवली. २,३१० किलो! टायरवर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलेल त्याचा सांकेतिक आकडा) ११२, म्हणजे एकाला १,१२० किलो, दोघांना २,२४०. चोर होता मागे टांगलेली १५० लिटरची पाण्याची टाकी. दीडशे किलो की हो! ती पुढच्या सीटमागे आणली, भरतोही अर्धीच. आता काटा २,१२० दाखवतो.